चौथा पेला

१

सुट्टी असली तरी कांचनमावशीचा दिवस आलं ठेचण्यानेच सुरू व्हायचा. भाड्याने घेतलेल्या कॉटेजमध्ये खलबत्ता कुठून असणार, म्हणून तिने तो पार्सिपनीच्या आपल्या घरातून आणला होता, टॉवेलमध्ये गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा. पहिल्या सकाळी त्याची ठकठक ऐकून वैदेही अंथरुणात ताडकन उठून बसली आणि तिचा हात सवयीने डाव्या कानाच्या पाळीकडे गेला. मग तिला कळलं, की हे आलं आहे. आणि त्यापाठोपाठ कळलं, की आपण रात्रभर झोपलो होतो. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच.

तशी ती लहानपणापासून भित्रीच. फोन वाजला तरी दचकायची. मावशीचे यजमान गिरीशकाका म्हणत, हिला स्वतःच्या सावलीचा धक्का लागला तरी ही सॉरी म्हणेल. पण ती पीएचडी करत होती तिथे, ॲन आर्बरला, जे झालं ते भित्रेपणात बसणारं नव्हतं. युनिव्हर्सिटीजवळच्या एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये ती एकटी राहायची. एका रात्री कानात मोत्याच्या कुड्या तशाच ठेवून झोपली आणि सकाळी डाव्या कानात कुडी नव्हती. दार आतून बंद, खिडकी बंद. गादी उलटीपालटी केली, उशीचा अभ्रा उसवला, कुडी नाही ती नाहीच. तिची फिरकी मात्र टेबलावर होती. पडल्यासारखी नाही, कुणीतरी हलक्या हाताने काढून ठेवल्यासारखी.

तिने पोलिसांना बोलावलं. पोलीस चांगले वागले. काउन्सेलरही चांगली वागली. शेजारच्या हिमानीने तर राजमा करून आणला. सगळेच इतके चांगले वागले, की वैदेहीला कळून चुकलं, कुणाचाही विश्वास बसलेला नाही. तिने सेमिस्टरभर रजा टाकली. नागपूरहून आईबाबांनी सांगितलं, की जानेवारीत परत जायचं की पीएचडी सोडून घरी यायचं, ते कांचन ठरवेल. कांचनमावशी डॉक्टर, जन्मभर ऑपरेशनआधी लोकांना भूल देत आलेली आणि आता निवृत्त. भाचीला झोप लागावी म्हणूनच हिच्याकडे सोपवलंय, असं काका म्हणायचे.

मावशीची अट सरळ होती. "पीएचडी काय, कुणीही करतं. तू एकटी राहू शकतेस एवढं मला दिसलं पाहिजे."

म्हणून ऑक्टोबरात काका-मावशी दरवर्षीसारखे न्यू जर्सीच्या दक्षिण किनाऱ्यावर पक्षी बघायला निघाले, तेव्हा वैदेहीही मागच्या सीटवर बसली. मनाशी एकच ठरवून. या सुट्टीत काहीही होवो, आपण दचकायचं नाही.

२

दलदल म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर नुसता चिखल आला होता. प्रत्यक्षात समुद्रापर्यंत सोनेरी गवत पसरलेलं होतं, त्यात आरसा फुटून सांडावा तशी तळी, आणि पार पलीकडे अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंच्या इमारती, धुक्यात खेळण्यांसारख्या. उथळ पाण्यात पक्ष्यांची ही गर्दी. उत्तरेकडून थंडी निघाली की हे सगळे दक्षिणेला निघतात आणि इथे चार दिवस पोट भरायला उतरतात. काका त्यांना मराठी नावांनी हाका मारायचे. तो बघ तुतवार, तो चिखल्या, हा आपला बगळाच, फक्त पासपोर्ट अमेरिकन.

गवतातून एक लाकडी पायवाट जायची आणि तिच्या टोकाला लाकडाची खोली होती. इथे तिला ब्लाइंड म्हणतात, काका लपण म्हणायचे. आत भिंतीला धरून एक लांब बाकडं, समोर डोळ्यांच्या उंचीला आडवे झरोके. बस्स. आपण आत अंधारात, पक्षी बाहेर उजेडात. काकांचे नियमही तेवढेच. बोलायचं ते कुजबुजत. हलायचं ते हळू. आणि लपणात दुसरं कुणी असेल तर त्याच्याकडे बघत बसायचं नाही. तो बाहेर बघायला आलाय, आपणही.

पहिल्या दिवशी बाहेरच्या लख्ख उन्हातून आत शिरल्यावर वैदेहीला काही दिसेना. बाकावर चाचपडत बसली तेव्हा लक्षात आलं, की पार कोपऱ्यात कुणीतरी आधीच बसलेलं आहे. रेनकोटची टोपी डोक्यावर ओढलेली, दुर्बीण डोळ्यांना. मान वळवली नाही. चांगला जुना बर्डर दिसतोय, असं काकांनी कौतुकाने खुणावलं.

तासाभराने मावशीने थर्मास काढला आणि एकात एक बसणारे तिचे स्टीलचे चार पेले. लग्नातले. तीन भरले आणि तिचा हात थांबला. समोर माणूस बसलेलं असताना आपणच तिघांनी चहा प्यायचा, हे तिच्या हातून होणं शक्य नव्हतं. या देशात तिचे केस पांढरे झाले, पण ही एक गोष्ट तिला जमली नाही. काका कुजबुजले, की अगं, हे लोक अनोळखी माणसाच्या थर्मासमधलं घेत नाहीत. तोवर तिने चौथा पेला भरून त्यांच्या हातात दिलासुद्धा. काकांनी तो बाकावरून पुढे सरकवला. अंधारातून एक हात आला आणि पेला घेऊन गेला.

निघताना पेला बाकाच्या मध्यावर परत येऊन ठेवलेला होता. तळाशी एक पीस होतं. करंगळीएवढं, राखाडी, कडेला पांढरी रेघ.

मावशी हरखली. परतताना पायवाटेवर दोनदा थांबून तिने ते पीस उन्हात धरलं. "बघितलंस? रिकामं भांडं परत नाही दिलं. आपल्याकडचीसुद्धा आता विसरली हे."

३

पुढचे दिवस असे गेले, की नंतर वैदेहीला ते एकमेकांपासून वेगळे आठवेनात. सकाळी आल्याची ठकठक. डब्यात थालीपीठ किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या. पायवाटेवर बुटांचा आवाज, मग लपणातला अंधार, लाकडाचा आणि खाऱ्या पाण्याचा वास. तिला दुर्बीण धरता येऊ लागली. पाण्यावरून शंभरेक तुतवार एकदम वळायचे आणि वळताना सगळे मिळून एका क्षणी पांढरे व्हायचे, तेव्हा तिच्या छातीत काहीतरी मोकळं होत जायचं. जेवण जायला लागलं. गालावर रंग आला. मावशी फोनवर आईला सांगत होती, की ताई, काल ही मोठ्याने हसली.

कोपऱ्यातलं माणूस रोज असायचं. त्यांच्याआधी आलेलं आणि ते निघाल्यावरही बसलेलं. रोज चौथा पेला जायचा आणि रोज काहीतरी घेऊन परत यायचा. एकदा शिंपला. एकदा चिमूटभर जाडं मीठ. एकदा गवताच्या काडीची गाठ, इतकी सुबक की मावशीने ती पर्समध्ये जपून ठेवली. ते माणूस बाई आहे, असं मावशीचं म्हणणं. काकांनी शपथेवर सांगितलं, की म्हातारा आहे, हात बघ ना हात. दोघांचं यावरून रात्रीच्या खिचडीवर भांडण व्हायचं आणि हसण्यात मिटायचं. चेहरा कुणीच पाहिला नव्हता. पाहायचा नाही, असाच तर नियम होता.

एका दुपारी काकांनी लाल चोचीचा एक काळापांढरा पक्षी दाखवला. शिंपले फोडून खातो म्हणून काका त्याला कालवफोड्या म्हणत. त्याच्या पायात एक कडं होतं, त्यावर अक्षरं. काकांनी समजावलं, की अभ्यास करणारे लोक बारीक जाळीत पक्षी धरतात, वजन करतात, पायात कडं घालतात आणि सोडून देतात. मग तो जगात कुठेही दिसला तरी कळतं, की हा आपलाच.

वैदेहीने विचारलं, की त्याला काय वाटत असेल.

"काही नाही. हलक्या हाताने करतात. त्याला वाटत असेल, वाईट स्वप्न पडलं."

"आणि नंतर?"

"नंतर काय, सवय होते. सारखं बघणारं कुणी असलं की पक्षी उडेनासा होतो." काकांनी दुर्बिणीची काच शर्टाला पुसली. "आणि आवडल्याशिवाय कुणी इतका वेळ बघत नाही, बाळा."

४

मग एक सकाळ अगदी निरभ्र उजाडली. ते नेहमीपेक्षा लवकर आले आणि सूर्य समोर, अगदी खाली होता. झरोक्यांतून ऊन थेट आत आलं आणि मागच्या भिंतीवर उजेडाच्या पट्ट्या पडल्या. वैदेहीने सहज मागे पाहिलं. एक पट्टी तिच्या डोक्यामागे, एक मावशीच्या, एक काकांच्या.

कोपऱ्यातल्या माणसामागे पट्टी नव्हती.

नियम मोडून तिने समोरच्या भिंतीकडे नजर फिरवली. कोपऱ्यात झरोका होता, पण त्यावर फळी ठोकलेली होती. जुनी, खिळ्यांचा गंज ओघळलेली. कधीकाळी झडप तुटली असेल, म्हणून बंद केला असेल. ते माणूस त्या फळीसमोर बसून, दुर्बीण लावून, फळीकडे बघत होतं. आजवर रोज.

तिच्या मनाने भराभर कारणं पुरवली. फळीला एखादं भोक असेल. भोकातून दुर्बिणीने बघतं का कुणी? मग विसावा घेत असेल. किंवा दृष्टी नसेल, नुसते आवाज ऐकायला येत असेल, अशीही हौशी माणसं असतात. मग दुर्बीण कशाला? जुनी सवय. हो, सवय असेल.

तेवढ्यात दुर्बीण हलली. सावकाश, डावीकडून उजवीकडे, चालत्या गोष्टीच्या मागे जावी तशी. थांबली. आणि एका बोटाने मधलं चाक किंचित फिरवून फोकस केला.

वैदेहीचं तोंड उघडलं. मावशी शेजारीच होती, कोपर लागेल इतकी जवळ. काका पलीकडे आनंदाने बगळा बघत होते. एक वाक्य पुरे होतं. आणि त्या वाक्यानंतर मावशीच्या चेहऱ्यावर काय येईल, तेही तिला माहीत होतं. तेच ते चांगलं वागणं. मग नागपूर, वरची खोली, आईने दार अर्धवट उघडं ठेवणं.

तिने तोंड मिटलं. मावशीने चौथा पेला भरला तेव्हा तो पुढे करायला तिनेच हात लांब केला. हात कापला नाही. मावशीने ते पाहिलं, हे तिनेही पाहिलं.

५

शेवटच्या दुपारी ते गाडी घेऊन दलदलीच्या पलीकडच्या बांधावर गेले. काकांनी टेलिस्कोप लावला. मनसोक्त पक्षी पाहून झाल्यावर त्यांनी तो गमतीने लपणाकडे वळवला आणि वैदेहीला हाक मारली, की ये, आपली जागा पक्ष्यांना कशी दिसते ते बघ.

लपण दिसलं. काळपट भिंत, तीन काळे झरोके, शेजारी फळीचा चौकोन. मधल्या झरोक्याच्या कडेवर काहीतरी चमकत होतं. पाणी नव्हतं, काच नव्हती. स्टीलची चमक होती ती, ओळखीची. ती बघत असतानाच चमक वर गेली, आत विझली, आणि थोड्या वेळाने परत कडेवर येऊन ठेवली गेली.

मागे मावशी डिकीत पिशवी धुंडाळत होती. पेले तीनच होते. सकाळी चौथा बाकावरच राहिला होता. तिने आधी काकांना बोलून घेतलं, मग स्वतःला. पायवाटेच्या तोंडाशी गाडी आणली तेव्हा काकांचा गुडघा धरला होता आणि मावशी स्टीअरिंगवरून उठेना. तिने आरशातून मागे पाहिलं.

"वैदेही, पळत जाऊन आणतेस? सेट मोडायला नको."

आवाज अगदी साधा होता. पण वैदेही भूल देणाऱ्या डॉक्टरची भाची होती. रुग्णाला बोलत ठेवून मावशी काय तपासतेय, ते तिला कळत होतं. ही परीक्षा होती आणि एकच प्रश्न होता.

"आणते की," वैदेही म्हणाली.

६

एकटीने चालताना पहिल्यांदाच तिला पायवाटेचा आवाज ऐकू आला. फळ्यांखाली भरतीचं पाणी चुळचुळत होतं. दोन्ही बाजूंना गवत आणि त्यात ऊन. पायाजवळून एक चिखल्या चालत गेला, उडाला नाही. भीती वाटत होती, पण तिच्याखाली दुसरंही काहीतरी होतं, आणि ते सुखासारखं होतं. आपली कुणीतरी वाट बघतंय, असं.

आत नेहमीचा अंधार. कोपऱ्यात नेहमीचं माणूस. पेला आता झरोक्यात नव्हता, बाकाच्या मध्यावर होता. ती उचलायला वाकली तेव्हा आत मोत्यांचा टपोरा, पांढरा झुबका दिसला.

तिची कुडी.

किंचाळायला हवं होतं. पण मनात पहिलं आलं ते एवढंच, की मी खोटं बोलत नव्हते. पोलीस, काउन्सेलर, राजमा घेऊन आलेली हिमानी, सगळे चांगले होते आणि सगळे चुकले होते.

कोपऱ्यातलं माणूस बाकावर थोडं सरकलं. जागा करून दिली. आणि दुर्बीण त्या मोकळ्या जागेवर ठेवली.

वैदेहीने चेहऱ्याकडे पाहिलं नाही. नियम होता, आणि नियम नसता तरी पाहिलं नसतं. ती बसली. दुर्बीण जड होती आणि गार, डोळ्यांना टेकवली तेव्हा ओलसर. तिने फळीकडे रोखली. काळोख. चाक फिरवलं, जसं काकांनी शिकवलं होतं तसं, हळू.

आधी टेबल आलं. मग टेबलावरचा निळा दिवा, विझवलेला. रेडिएटरच्या वरचा भिंतीचा तडा. गुळगुळीत अंथरलेला पलंग आणि उसवलेल्या अभ्र्याची उशी. खिडकीबाहेरून बस गेली असावी, कारण तिच्या दिव्याचा उजेड भिंतीवरून सरकत गेला, दारापाशी वाकला आणि विझला. खोलीत कुणी नव्हतं. पण आतलं सगळं इतकं स्पष्ट, इतकं जवळ होतं, की ज्याने पहिल्यांदा हे दृश्य शोधलं त्याने किती दिवस चाक फिरवलं असेल, ते तिला जाणवलं.

शेजारी कुणीतरी श्वास रोखून धरला होता. अगदी काकांसारखा, दुर्मिळ पक्षी जवळ आला की धरतात तसा.

तिने दुर्बीण खाली ठेवली. पेला उचलला. दाराशी गेल्यावर, काहीतरी बोललं पाहिजे म्हणून, मागे न बघता हळूच थँक यू म्हणाली.

७

गाडीत बसल्यावर मावशीने तिचं मनगट हातात घेतलं, लाडाने घेतल्यासारखं, आणि घड्याळाकडे न बघताच बराच वेळ धरून ठेवलं. मग तिची नजर वर आली. वैदेहीने दोन्ही कानांत कुड्या घातल्या होत्या. उजवी पर्समध्ये होतीच, आणि दुसरीची फिरकीही.

"ही कुठे मिळाली?"

दलदलीवर ऊन उतरत होतं. काका मागे वळून बघत होते. वैदेहीला खरं उत्तर माहीत होतं. त्या उत्तराने काय हातचं जाईल, तेही.

"बॅगेच्या अस्तरात होती, मावशी. तेव्हापासून तिथेच असणार."

मावशीने डोळे मिटले आणि उघडले. इतक्या दिवसांचं ओझं तिच्या खांद्यांवरून उतरताना दिसलं. तिने भाचीचं डोकं जवळ ओढून घेतलं, म्हणाली, भुंडे कान अगदी बघवत नव्हते गं. आणि तिकडे अजून पहाटही झाली नव्हती तरी पार्किंगमधूनच नागपूरला फोन लावला.

"ताई, जाऊ दे हिला. पोर बरी झालीये."

जानेवारीत ॲन आर्बरला गुडघाभर बर्फ होतं. खोली जशी होती तशीच होती, फक्त गार. वैदेहीने हीटर लावला, निळा दिवा लावला, अभ्रा शिवला. पहिल्या संध्याकाळी कुड्या काढून पुसायला घेतल्या तेव्हा डाव्या कुडीच्या मागे, सोन्यावर, बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. दिव्याखाली धरलं. बारीक कोरलेली दोन-तीन अक्षरं होती. ही तिच्या ओळखीची लिपी नव्हती. पण कोरणाऱ्याने मोत्यांना कुठे ओरखडाही येऊ दिला नव्हता.

हलक्या हाताने करतात, काका म्हणाले होते.

तिने ती बराच वेळ तळहातावर ठेवली. मग कानात घातली आणि फिरकी घट्ट केली.

चहा केला, आलं घालून. टेबलाशी पुस्तक उघडून बसली. रेडिएटर एकदम खणखणला. ती दचकली नाही. बाहेरून बस गेली आणि तिचा उजेड समोरच्या कोऱ्या भिंतीवरून सरकू लागला. वैदेहीने वाचता वाचता केस कानामागे सारले आणि मान जराशी वळवली, डावा कान उजेडात येईल अशी.